ऋतुसंधी आणि प्रसाधनपेटी : वाग्भटोक्त षड्ऋतु मुखलेपांचा व्यवहारात उपयोग

ऋतू पालटला की अंगावरील लेपन, सुगंध व वस्त्रे पालटावीत, हा विचार प्रसाधनांच्या कंपन्यांनी प्रथम मांडला असा समज तरुण वर्गात दृढ झाला आहे. वस्तुतः वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात आहारविहाराच्या बरोबरीने तो सांगून ठेवला आहे. हेमंतात केशर-कस्तुरीचे लेपन व अगुरूचा धूप, वसंतात कर्पूर, चंदन, अगुरू व केशर, वर्षा ऋतूत धूपित वस्त्रे, शरदात चंदन-वाळा-कर्पूराचे लेपन, मोत्यांच्या माळा व उजळ वस्त्रे, असा तो क्रम आहे. आपण वैद्य मात्र ऋतुचर्या सांगताना वमन, विरेचन व बस्तीपाशी थांबतो. चेहऱ्याला काय लावावे, हा प्रश्न रुग्णेने विचारलाच तर एखाद्या तयार क्रीमचे नाव सांगून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित भागाचा विचार व्यवसायाच्या दृष्टीने केला आहे.

विष्णुपुरी परिसरात या प्रश्नाचे महत्त्व विशेष जाणवते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या तिन्ही संस्था येथे आहेत. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली जिल्ह्यांतून शिकावयास आलेल्या मुली वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. गाव सुटते, पाणी बदलते, जेवणाच्या व झोपेच्या वेळा बदलतात आणि नेमक्या त्याच वेळी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, नवी प्रसाधनपेटीही खरेदी केली जाते. दुसरी मोठी खरेदी दसरा-दिवाळीला, तिसरी लग्नसराईत. या तिन्ही वेळा ऋतुसंधीच्या आसपासच्या आहेत. मुखदूषिका, कंडू, रूक्षता व व्यंग यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची गर्दीही याच काळात होते, हे आपणांपैकी बहुतेकांनी अनुभवले असेल.

कोणता ऋतू मानावा?

ऋतूनुसार प्रसाधन बदलावे असे म्हटल्यावर पहिली अडचण ऋतू ठरविण्याची येते. वाग्भटाने माघापासून दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू मोजले आहेत. त्यानुसार माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत व ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म ठरतो. हे गणित मराठवाड्यात तंतोतंत लावले तर वैशाखातल्या वणव्यासारख्या उन्हाला वसंत म्हणावे लागेल आणि आषाढात पेरण्या उरकल्यावरही ग्रीष्माचा लेप द्यावा लागेल. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात दोषांच्या उपचयप्रकोपाच्या संदर्भात दुसरी मांडणी दिली आहे. तीत फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद आणि पौष-माघ हेमंत असा क्रम असून शिशिर वगळून प्रावृट् घेतला आहे. गोदावरीच्या या खोऱ्यात सुश्रुताची मांडणी हवामानाशी अधिक जुळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वसंत मात्र येथे अतिशय अल्पायुषी. होळीनंतर चार-सहा आठवड्यांतच तो ग्रीष्मात विरून जातो. म्हणून पंचांगापेक्षा ऋतुलक्षणे पाहून निर्णय घ्यावा. ओठ व गाल कोरडे पडू लागले, घामाचे स्वरूप बदलले, चेहऱ्यावर तेलकटपणा येऊ लागला, ही त्वचेची चिन्हे पंचांगाइतकीच विश्वसनीय आहेत.

पेटीची तपासणी

मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या चौदा दिवसांत जुना विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा. एकाएकी सोडल्याने वा सुरू केल्याने असात्म्यज व्याधी होतात, असे वाग्भट स्पष्ट सांगतो. नवे काय घ्यावे हे सांगण्यापूर्वी जुने काय वापरात आहे हे पाहणे त्यामुळेच अगत्याचे ठरते. चेहऱ्याच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णेला संपूर्ण प्रसाधनपेटी बरोबर आणण्यास सांगावे. तोंडी इतिहासात ‘काही विशेष लावत नाही’ असे उत्तर देणारी रुग्णा पिशवीतून सात-आठ वस्तू काढून टेबलावर मांडते, असा अनुभव येतो.

पेटीत प्रथम पाहावयाची ती काजळ व डोळ्यांची प्रसाधने. डोळ्यास स्पर्श करणारी द्रवरूप प्रसाधने उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावीत आणि नेत्राभिष्यंद होऊन गेला असेल तर मुदत न पाहता त्याच दिवशी टाकावीत. वसतिगृहात एकच काजळकांडी चौघी वापरतात. या सवयीबद्दल स्पष्ट बोलावे. घरी तुपाच्या वा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ निर्धोक, असे सरसकट म्हणू नये. डबी व बोट स्वच्छ नसेल तर तेही संसर्गाचे साधन होते. बाजारातील सुरमा हा निराळाच विषय आहे. स्रोतोंजन व सौवीरांजन या द्रव्यांच्या ओळखीविषयी रसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण सुरमा म्हणून विकला जाणारा खडा अनेकदा गॅलेना, म्हणजे शिशाचा गंधकयुक्त खनिज पदार्थ, असतो. लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो घालूच देऊ नये. शेंदराचेही तेच. खरा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. देवाला वाहण्याचा शेंदूर भांगात भरण्यासाठी दुकानातून दिला जाऊ नये.

नंतर कुंकू व टिकली. टिकलीच्या डिंकातील विशिष्ट रसायनामुळे कपाळावर नेमक्या टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. त्याला श्वित्र समजून घरात रडारड होते आणि मुलीचे जमत आलेले लग्न अडते. डाग टिकलीच्या जागेपुरता मर्यादित आहे काय, हे पाहून टिकली तत्काळ बंद करावयास लावणे हा चिकित्सेचा पहिला भाग होय.

बाकी लाली, पावडर, फाउंडेशन यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वास बदललेले, तेल सुटलेले, रंग फाटलेले ते टाकावे. आपल्याकडील उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुचाकीच्या डिकीत वा पत्र्याच्या खोलीत राहिलेली क्रीम छापील मुदतीपूर्वीच बिघडते. डबीवर उघड्या झाकणाचे चित्र व त्यात ‘१२ एम’ असा आकडा असेल तर उघडल्यापासून बारा महिने असा त्याचा अर्थ आहे, हे बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते. दुकानदारांनी ते सांगावे.

पेटीतील गंभीर धोका

पेटीत चिठ्ठी नसलेली डबी, हाताने मिसळलेली ‘पार्लरची’ क्रीम किंवा औषधी नळी सापडली, तर मात्र थांबून विचार करावा. गोरेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक नळ्यांत बीटामेथासोन, क्लोबीटासोल यांसारखी स्टेरॉइड्स असतात, काहींत त्यांच्या जोडीला हायड्रोक्विनोन असते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, गालांवर लव वाढते, पुटकुळ्या उठतात, उन्हात दाह होतो आणि नळी बंद केली की सर्व लक्षणे दुप्पट वेगाने उसळतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा बाह्योपचारार्थ स्टेरॉइड्सना अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आणले, वैद्यकीय चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. औषधी दुकान चालविणाऱ्या आपल्या सभासदांनी ‘सगळेच देतात’ या सबबीखाली यात सहभागी होऊ नये.

दुसरा धोका पाऱ्याचा. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मेंब्रेनस नेफ्रोपथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५ रुग्ण ‘नेल-१’ प्रकारचे निघाले आणि त्यांतील १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. पाऱ्याचे मूत्रपिंडावर होणारे परिणाम रसशास्त्र शिकलेल्या वैद्याला नव्याने सांगावयास नकोत. तरीही पायांवर सूज व फेसाळ मूत्र अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुणीला ‘चेहऱ्याला काय लावता?’ असे आपण विचारतो काय? विचारावे, लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी व विलंब न लावता तज्ज्ञांकडे पाठवावे. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो. नाव-पत्ता, घटकद्रव्ये व परवाना क्रमांक नसलेली क्रीम, मग ती ‘आयुर्वेदिक’ असल्याचे कोणी कितीही सांगो, पेटीतून काढून टाकावयास सांगावी.

स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्यावर लेप घालण्याची घाई करू नये, हेही येथेच नमूद केले पाहिजे. अशी त्वचा दूर्वेचा रसही सहन करीत नाही. हे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांच्या सहकार्याने हाताळावेत.

क्रमाने सोडणे, क्रमाने धरणे

स्टेरॉइड व पारायुक्त प्रसाधनांचा विचार वरीलप्रमाणे स्वतंत्र. मुदत संपलेले व नासलेले एकदम टाकावयाचे. उरलेल्या निर्दोष प्रसाधनांचा बदल मात्र पादांशाने करावा. सात्म्य झालेले अपथ्य चतुर्थांशाने सोडावे हा नियम संहितांनी आहाराच्या संदर्भात दिला आहे. प्रसाधनांपर्यंतचा त्याचा विस्तार प्रस्तुत लेखकाचा आहे, हे प्रांजळपणे सांगतो. हिवाळ्यातील दाट स्निग्ध क्रीम प्रथम रोज एक वेळ, मग एकाआड एक दिवस, मग केवळ ओठ व नाकपुड्यांच्या कडांपुरती अशी कमी करीत आणावी. नव्या ऋतूची वस्तू एका वेळी एकच सुरू करावी. ती प्रथम कोपराच्या आतील बाजूस तीन रात्री लावून पाहावी, कंडू वा राग न आल्यास हनुवटीखाली व त्यानंतर चेहऱ्यावर. चार वस्तू एकाच दिवशी सुरू केल्या आणि पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे ना रुग्णेला कळते, ना वैद्याला.

सहा लेप

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या, गंडूषादिविधि अध्यायात हेमंतापासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या श्लोकात एक असे सहा मुखलेप दिले आहेत. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरतो. त्यांतील द्रव्ययोजना स्थानिक उपलब्धतेच्या दृष्टीने पाहिली तर आश्चर्य वाटावे इतकी ती सोयीची आहे.

हेमंतात बोराच्या बियांतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र व पांढरी मोहरी. बोरे आपल्याकडे पौष-माघात उतरतात, म्हणजे लेपाचे पहिले द्रव्य त्याच ऋतूत दारी येते. आठळ्या फेकून न देता वाळवून फोडाव्यात. मोहरी तीक्ष्ण आहे. पित्तप्रकृतीच्या व नाजूक त्वचेच्या रुग्णांत तिचे प्रमाण निम्म्याहून कमी करावे किंवा ती वगळावी. शिशिरात सिंहीमूळ (बृहती, म्हणजे डोरलीचे मूळ, घेण्याचा प्रघात आहे), काळे तीळ, दारुहळदीची साल व निस्तुष यव. संक्रांतीला तीळ घरोघर असतातच. आपल्या हवामानात हेमंत व शिशिर यांत ठळक भेद नसल्याने त्वचा अधिक रूक्ष असेल तर तिळाचा, तेलकट असेल तर लोध्राचा लेप निवडावा.

वसंतात दर्भमूळ, चंदन, वाळा, शिरीष, बडीशेप व तांदूळ. कफप्रकोपामुळे मुखदूषिका वाढण्याचा हा काळ असल्याने तांदळाच्या पिठीचे रूक्षण येथे उपयोगी पडते. स्निग्ध क्रीम व तेलकट फाउंडेशन याच सुमारास बंद व्हावयास हवे.

ग्रीष्माविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण मराठवाड्यात त्वचेची खरी परीक्षा त्याच ऋतूत होते. कुमुद, उत्पल, कल्हार, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन असा हा लेप आहे. कमळवर्गातील फुले काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात ती बहुधा वर्षानुवर्षे पडून निर्वीर्य झालेली असतात. तशी घेण्यापेक्षा ताजी दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन या तिघांवरच लेप करावा. चंदनाची किंमत व त्यातील भेसळ सर्वांना ज्ञात आहे. पिवळसर भुकटीला सुगंध लावून ती चंदन म्हणून विकली जाते. रक्तचंदनाच्या अभावी नवा वाळा घ्यावा, असे भावप्रकाशाने प्रतिनिधिद्रव्यांत सांगितले आहे. त्याच धर्तीवर खात्रीचे चंदन नसेल तेथे उत्तम वाळा वापरणे श्रेयस्कर. खोट्या चंदनाचा आग्रह धरू नये.

वैशाखातील लग्ने ही आपल्या समाजाची रीत, आणि नेमक्या त्याच महिन्यात वधूच्या चेहऱ्यावर वर्षातील सर्वांत जाड थर चढतो. मांडवात वारा नाही, घामाने स्रोतसे तुंबलेली, वर फाउंडेशन. अशा वधूने लग्नाआधी महिनाभर नवे काहीही सुरू करू नये, हा सल्ला आवर्जून द्यावा. हळदीच्या दिवशी प्रथमच ‘ब्लीच’ करून घेतलेल्या मुलीचा चेहरा दुसऱ्या दिवशी काय होतो हे पार्लरवाल्या भगिनीही जाणतात. प्रसाधन उतरविताना आधी तिळाचे वा खोबरेल तेल हलक्या हाताने लावून मग मसुराच्या पिठाने धुवावे. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्याची सवय व्यंग व दाह वाढविते, ती सोडवावी. स्कार्फ बांधणे उत्तम, पण घामट स्कार्फ रोज धुतला जात नसेल तर मुखदूषिकेचे कारण तोच असतो.

वर्षा ऋतूत कालीयक, तीळ, वाळा, जटामांसी, तगर व पद्मक. कालीयक द्रव्याविषयी एकमत नाही. ते वगळून उरलेल्या पाचांवर लेप करता येतो. शरदात तालीस, गुंद्रा, प्रपौंडरीक, ज्येष्ठमध, काश, तगर व अगुरू. पित्तप्रकोपाच्या या काळात अगुरू व तगर यांची मात्रा अल्प ठेवावी व ज्येष्ठमध प्रधान करावे, असे मला वाटते. ऑक्टोबरच्या उन्हातील व्यंगात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

लेप लावण्याचे नियम त्याच अध्यायात आहेत व ते द्रव्यांइतकेच मोलाचे आहेत. जाडी पाव, एक तृतीयांश किंवा अर्धे अंगुल. वात-कफात लेप कोमट, इतरत्र अत्यंत शीतल. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो. काढताना तो भिजवून काढावा व नंतर अभ्यंग करावा. ‘फेसपॅक’ कडकडीत वाळवून ओरबाडून काढण्याची आजची पद्धत याच्या थेट विरुद्ध आहे. ग्रीष्मात आपल्याकडे पंख्याखाली लेप दहा मिनिटांत वाळतो, तेव्हा वेळेचे घड्याळ लावण्यापेक्षा बोटाने ओल पाहण्यास शिकवावे. पीनस, अजीर्ण, अरोचक, हनुग्रह, नस्य घेतलेला दिवस व जागरण यांत लेप वर्ज्य आहे. लेप असताना दिवसा झोप, फार बोलणे, अग्नी व ऊन यांचे सेवन, शोक व क्रोध टाळावयाचे आहेत. रात्रभर अभ्यास करून सकाळी लेप लावणाऱ्या विद्यार्थिनींना यातील जागरणाचा निषेध मुद्दाम सांगावा लागतो.

निर्मिती व विक्री

शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते. ऋतूही दोनच महिन्यांचा. म्हणजे त्या-त्या ऋतूचा लेप त्या ऋतूपुरताच कुटावा, हा व्यवहार शास्त्राशी नेमका जुळतो. चेहऱ्यास एका वेळी साधारण १० ग्रॅम चूर्ण लागते. आठवड्यातून दोनदा लावल्यास आठ आठवड्यांना १६० ग्रॅम. यापेक्षा मोठे पाकीट रुग्णेला देऊ नये. कायद्यानुसार लेबलावर छापली जाणारी चूर्णाची मुदत याहून लांब असते, पण पिठूळ द्रव्ये असलेल्या लेपात पावसाळ्यात बुरशी व पोरकिडे होण्यास फार दिवस लागत नाहीत. यव, तांदूळ व तीळ स्वतंत्र ठेवून देतेवेळी मिसळावेत. तीळ तर आयत्या वेळी वाटलेलेच चांगले, कुटून ठेवलेल्या तिळाला खवट वास येतो. लेप पाण्यात कालविल्यावर उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवान्याची सक्ती नाही. तेच चूर्ण नाव देऊन, पाकीट करून शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की उत्पादन परवाना व अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मितीचे निकष लागू होतात. ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणून विकावयाचे ठरविले तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० पाळावे लागतात. प्रसाधनांतील रंगद्रव्यांत शिसे दशलक्ष भागांत २० पेक्षा व आर्सेनिक २ पेक्षा अधिक नसावे, ही मर्यादा कुंकवाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना दुकानदारांनी लक्षात ठेवावी व चाचणी अहवाल मागावा. अहवाल नाही असे उत्तर आले तर तो माल परत करावा. ‘सात दिवसांत गोरेपण’ अशा पाट्या दुकानात लावू नयेत. काउंटरवर लावायचीच असेल तर त्या पंधरवड्यात कोणता लेप ताजा कुटला आहे, त्याची तारीख व घटकद्रव्ये यांची पाटी लावावी.